खांबाला लागलेला चेंडू

अर्धापूर,
१३ ऑगस्ट

मामा,

पाया पडते. मामींनाही सांगा.

काल नांदेडला मुलींच्या जिल्हास्तर शालेय फुटबॉलची फायनल झाली आणि शिट्टी माझ्याकडे होती. झेंडा घेऊन लाईनवर पळायचं काम नाही, मधोमध मुख्य पंच. फोन केला असता, पण फोन लावला की तुमच्या कानातलं यंत्र नुसतं कुरकुरतं. मेसेज पाठवावा तर तो सत्यमदादाच्या मोबाईलवर येतो आणि तुमच्या आधी अख्खं घर वाचतं. म्हणून आपलं पत्रच बरं. इथे शाळेसमोरच पोस्टाची पेटी आहे, तिलाही काहीतरी काम मिळेल.

एका बाजूला किनवटकडच्या वसतिगृहाच्या मुली होत्या, दुसऱ्या बाजूला देगलूरची शाळा. सामन्याआधी मी सगळ्यांना रांगेत उभं करून कानातलं, नाकातलं, बांगड्या आणि गळ्यातले दोरे काढायला लावले. देगलूरच्या एका मुलीची आई कुंपणापाशी उभी होती. तिचं म्हणणं, चिकटपट्टी लावू, पण देवाचा दोरा काढू नका. मी सांगितलं, पट्टी लावूनही चालत नाही, नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. त्या माउलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू नियम मीच घरी बसून लिहिलाय. शेवटी सगळं सामान एका रुमालात बांधून तिच्याच हातात दिलं, तेव्हा ती जरा निवली.

किनवटच्या मुली एक-शून्यने जिंकल्या. शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी मिळाली, ती अयोध्या नावाच्या मुलीने घेतली. दहावीत आहे, अंगाने किरकोळ, पण पायात विलक्षण ताकद. आता हा संघ लातूरला विभागीय स्पर्धेला येईल. तुम्हाला घरबसल्या सामना बघायला मिळेल.

एक अवांतर प्रश्न. मी शिकवते त्या शाळेतली मुलं विचारत होती. पेनल्टी मारली, चेंडू खांबाला लागून परत आला आणि मारणाऱ्यानेच तो पुन्हा मारून आत घातला, तर काय द्यायचं? तुमच्या तोंडून उत्तर गेलं की त्यांना पटतं, म्हणून विचारते.

तुमची,
सुकन्या

*

लातूर,
१८ ऑगस्ट

चि. सुकन्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने म्हणजे किती ते मला कळत नाही, पण शेजारच्या नागुबाई पेढे मागायला आल्या, त्यावरून अंदाज घे. एकतीस वर्षं मी शिट्टी वाजवली, पण आपल्या घरातली पोरगी जिल्ह्याच्या फायनलला मधोमध उभी राहील असं कधी मनात आलं नव्हतं. मला फार आनंद झाला आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही.

तुझ्या पोरांना सांग, फुटबॉल सगळ्यांना येतो, नियम फार थोड्यांना येतात. थ्रो-इनचा चेंडू कोणालाही न लागता थेट समोरच्या गोलात गेला तर गोल नाही. आपलीच फ्री किक आपण मागे मारली आणि ती थेट आपल्याच गोलात गेली, तरी गोल नाही, समोरच्याला कॉर्नर. चेंडू पंचाच्या पाठीला लागून आत गेला तर तोही गोल नाही. यंदापासून गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरून ठेवला की कॉर्नर. हे मी सांगू लागलो की चौकातली माणसं हसतात, म्हातारं सुरू झालं म्हणतात. म्हणू देत.

आता तुझा प्रश्न. पेनल्टी मारणाऱ्याला तोच चेंडू दुसऱ्या कोणा खेळाडूला लागल्याशिवाय पुन्हा मारता येत नाही. खांब म्हणजे खेळाडू नव्हे. तेव्हा गोल नाही, समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. गोलकीपरचं बोट जरी चेंडूला लागलं असेल तर मात्र गोल शंभर टक्के खरा. पंचाने चुकून गोल दिला आणि खेळ पुन्हा सुरू झाला, तर त्याला मैदानावर तो निर्णय फिरवता येत नाही. पुढे तक्रार झाली तर समिती बघते. पंचाच्या नजरेची चूक असेल तर समिती हात लावत नाही, कारण पंचाने जे पाहिलं ते पाहिलं. नियमाचीच चूक असेल तर आपल्याकडे सामना पुन्हा खेळवतात.

इथपर्यंत लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा घेतला. सुकन्या, पंचांची परीक्षा तू पहिल्या झटक्यात पास झालीस. हा प्रश्न त्या परीक्षेत असतो. तो तुला माझ्याकडून विचारून घ्यायची गरज काय पडली? शाळेतल्या पोरांवर ढकलू नकोस. काय झालंय ते लिही.

तुझा,
वैजनाथ मामा

*

अर्धापूर,
२२ ऑगस्ट

मामा,

तुमच्यापासून काही लपत नाही. ऐकू येत नाही म्हणून माणसाला दिसतंही कमी, असं मी समजले, हा माझा गाढवपणा.

तो गोल मीच दिला. अयोध्याने मारला, चेंडू डाव्या खांबाला आदळून तिच्याच पायाशी आला, तिने पुन्हा मारला आणि मी शिट्टी वाजवून मध्याकडे हात केला. लाईनवरचे दोघे गप्प राहिले. एकजण नंतर म्हणाला, त्याला वाटलं मॅडमने बोट लागलेलं बघितलं असेल. देगलूरच्या मुलींनी किक-ऑफ केला, चेंडू दोघी-तिघींच्या पायातून गेला, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उरलेली चार मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

मामा, नियम मला पाठ होता. पण त्या क्षणी समोर नांदेडचं मैदान नव्हतंच, आपल्या गावच्या शाळेचं मैदान होतं. दोन बांबूंचा गोल, आणि आमचे पीटीचे सर म्हणजे तुम्ही, कमरेवर हात ठेवून ओरडताय, "खांबाला लागला की मारणाऱ्याचाच!" पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्याच नियमाने खेळले. परीक्षा डोक्याने दिली होती, शिट्टी मात्र त्या वयाने वाजवली.

देगलूरच्या शिवलिंग सरांनी त्याच संध्याकाळी लेखी तक्रार दिली. किनवटच्या सरांचं म्हणणं, गोलकीपरचं बोट लागलं होतं. ती गोलकीपर, बुद्धप्रिया, चेंडूच्या बाजूलाच झेपावली होती, हात लांब केलेला होता. ती म्हणते, लागलं नाही. कोणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण गोलाच्या मागून आहे, त्यात तिची पाठ आणि धूळ एवढंच दिसतं. म्हणजे सगळं माझ्या अहवालावर आलं. बोट लागलं असं मी लिहिलं तर ती माझी नजर आणि निकाल कायम. नाही लागलं असं लिहिलं तर नियमाची चूक आणि सामना पुन्हा. अहवाल अठ्ठावीस तारखेपर्यंत द्यायचाय.

आणि मला बोट लागलेलं दिसलं नाही, मामा. हात चेंडूपासून वीतभर लांब होता.

स्पर्धेच्या एका पदाधिकाऱ्यांनी काल फोन करून मला समजावलं. मुख्य पंच म्हणून जिल्ह्यात मुलींमध्ये तुम्हीच पहिल्या, तुमच्यामागे आणखी दोघी परीक्षेला बसल्यात, त्यांच्या वाटेत काटे का टाकता, एक वाक्य तर लिहायचंय. मग किनवटचे सर स्वतः शाळेत आले. पोरींनी वसतिगृहात निकालाचा कागद भिंतीवर चिकटवलाय म्हणाले. विभागीय खेळली तर अयोध्याला दहावीला वाढीव गुण मिळतील असंही म्हणाले. तिला गणित जड जातं. जाताना त्यांनी मला हात जोडले. वयाने ते माझ्यापेक्षा मोठे आहेत, मला कसंसंच झालं.

मी काय करू ते तुम्ही सांगाल का? नियम नको, तो मला येतो.

सुकन्या

*

लातूर,
२५ ऑगस्ट, सोमवार

सुकन्या,

पोस्टाने हे पत्र वेळेत मिळणार नाही, म्हणून नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. त्याला मी आठवीत पीटीला होतो, तो नाही म्हणणार नाही. तुझ्या शाळेचा शिपाई स्टँडवर येऊन घेऊन जाईल असं सत्यमने फोनवर ठरवलं आहे. कशाबद्दल आहे ते त्याला सांगितलेलं नाही.

बोट लागलं असं लिही.

वीतभर लांब होतं म्हणतेस. तू पंधरा-वीस पावलांवर होतीस, उन्हात होतीस, धावत होतीस. लागलं नसेलच असं छातीठोकपणे तुला तरी कुठे सांगता येतं? एक पोरगी वाढीव गुणांनी पुढे जाईल, तुझी शिट्टी राहील, तुझ्यामागे येणाऱ्या दोघींची वाट राहील. देगलूरच्या पोरी पुढच्या वर्षी पुन्हा खेळतील. कोणाचं फार मोठं नुकसान होत नाही.

मी तुला हे सांगतो आहे याचं तुला नवल वाटेल. मलाही वाटतं आहे. पण चूक तुझी नाही, तुला तसं शिकवणाऱ्याची आहे, आणि तिची शिक्षा तू भोगावीस हे मला सहन होणार नाही. मोठ्या माणसाचं एकदा ऐक. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

मामा

*

अर्धापूर,
३० ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र वेळेत मिळालं. स्टँडवरून शिपायाने आणलं, सोबत मामींनी दिलेला चिवडाही आणला. चिवडा त्याने वाटेत थोडा खाल्ला, ते त्याने स्वतःच सांगितलं.

मी तुमचं ऐकलं नाही.

दोन दिवस ते पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरले. खरं सांगते, तुमच्या हातचं "लिही" हे वाचून आधी मला इतकं हलकं वाटलं की मी शाळेच्या मागच्या केळीच्या बागेत जाऊन रडून घेतलं. मग संध्याकाळी अहवालाचा कागद पुढे घेतला आणि "गोलकीपरच्या बोटाला" इथपर्यंत लिहिलं. पुढचं लिहिताना मला बुद्धप्रियाचा चेहरा दिसायला लागला. लागलं नाही असं ती जे सांगतेय, ते खरं सांगतेय, आणि मी एका वाक्यात तिला खोटं पाडणार होते. सोळा वर्षांच्या पोरीला. कागद फाडला.

दुसऱ्या कागदावर लिहिलं ते असं : "चेंडू खांबाला लागून परत आला. गोलकीपरचा स्पर्श झालेला मला दिसला नाही. त्याच खेळाडूने चेंडू पुन्हा मारला. मी दिलेला गोल नियमाला धरून नव्हता." खाली सही केली.

समितीने तो सगळ्यांसमोर वाचला. सामना बारा सप्टेंबरला पुन्हा होणार आहे. मला या हंगामात शिट्टी मिळणार नाही, झेंडाही नाही. बाईमाणसाच्या हातात शिट्टी दिली की असं होतं, असं एकजण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. ज्याची भीती होती तेच झालं, आणि झाल्यावर ते भीतीपेक्षा बरंच लहान निघालं. शिवलिंग सरांनी माझे आभार मानले नाहीत, ते मला आवडलं. किनवटचे सर माझ्याकडे न बघता निघून गेले, ते मात्र अजून टोचतंय.

मी रागावले आहे का? हो, थोडी. अंपायर, रेफ्री, सरपंच, तहसीलदार, सगळ्यांना नियम दाखवणारा माणूस म्हणून तुमची अख्ख्या पंचक्रोशीत ख्याती. मी लहानपणी ज्याला भ्यायचे तो माणूस, आणि त्याने मला असं लिहावं? पत्र मी फाडलं नाही आणि कोणाला दाखवलंही नाही. पण तुम्ही ते का लिहिलंत, हे मला कळायला हवं. माझ्यासाठी लिहिलंत एवढं म्हणून भागणार नाही.

सुकन्या

*

लातूर,
४ सप्टेंबर

चि. सुकन्या,

तू विचारलंस म्हणून सांगतो. मामीलाही हे पत्र वाचून दाखवणार नाही.

मी तुझ्यासाठी लिहिलं असं मला त्या दिवशी मनापासून वाटत होतं. पत्र कंडक्टरकडे देऊन घरी येईपर्यंत ते वाटणं टिकलं नाही. तुझा अहवाल वाचला गेला की कोणीतरी विचारणार, पोरीला शिकवलं कोणी? आणि कोणीतरी सांगणार, वैजनाथ सरांची भाची. लातूर, नांदेड, उदगीरची निम्मी पंच मंडळी मला ओळखते. मला तुझी शिट्टी वाचवायची होती त्याहून जास्त माझं नाव वाचवायचं होतं. तू खरं लिहिलंस तर मी का लिहू नये?

तो खांबाचा नियम मी का केला होता तेही ऐक. आपल्याकडे चेंडू एकच. बांबूला लागून परत आला की त्याच्यावर वीस पोरं तुटून पडायची. एकदा त्यात एका पोराचा हात मोडला, त्याच्या बापाने शाळेत येऊन माझी गचांडी धरली. दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, खांबाला लागला की मारणाऱ्याचाच, बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. त्यानंतर कोणाचा हात मोडला नाही. त्या मैदानापुरता तो नियम चांगला होता आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

माफी मागतो ती वेगळ्या गोष्टीची. खरा नियम मला तेव्हाही माहीत होता. पुस्तक कपाटात होतं. हा नियम फक्त आपल्या मैदानापुरता आहे, बाहेर वेगळं असतं, एवढं एक वाक्य मी तुम्हाला सहा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. गरजच वाटली नाही. ही पोरं गावाबाहेर कुठं खेळायला जाणार आहेत, असं मी धरून चाललो होतो. त्यात पोरी तर नाहीच नाही. तू कंपासपेटीतून शिट्टी काढून वाजवायचीस तेव्हा मी हसायचो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तू माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस. बारा तारखेला मैदानावर जाशील का? जाऊ नये असं सगळे म्हणतील. मी असतो तर गेलो नसतो, तेव्हा तू जा.

तुझा,
वैजनाथ मामा

*

अर्धापूर,
१४ सप्टेंबर

मामा,

मी गेले होते. शाळेतून अर्धा दिवस रजा काढली आणि कुंपणाच्या बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. कोणी बोललं नाही, कोणी हाकललंही नाही. बुद्धप्रियाने मात्र लांबून हात केला.

पंच चांगले होते. सामना शून्य-शून्य राहिला आणि मग दोन्ही बाजूंनी पाच-पाच पेनल्टी झाल्या. किनवटच्या मुली चार-तीनने हरल्या. अयोध्याने तिची पेनल्टी आत घातली, म्हणजे तिच्यामुळे हरल्या असंही म्हणता येणार नाही. देगलूरचा संघ लातूरला येईल. तुम्ही नक्की बघायला जा. बुद्धप्रिया खरंच चांगली गोलकीपर आहे.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. त्याला उत्तर म्हणून राग गेला एवढंच लिहिणार होते, आणि राग खरंच गेलाय. पण सामन्यानंतर जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही जे लिहिलंत तेच मला त्या मुलीच्या तोंडून ऐकावं लागलं.

किनवटच्या मुली गाडीची वाट बघत झाडाखाली बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते बोलायची वेळच आली नाही. अयोध्या बुटांच्या नाड्या सोडत होती. तिने वर बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी बोट लागलं म्हणून लिवलं असतं तर आमचं चाललं असतं न्हवं?"

मी म्हणाले, हाव.

ती रडली नाही की चिडलीही नाही. काहीतरी हिशेब जुळवत असल्यासारखी खाली बघत राहिली. मग तिने विचारलं की तिने पुन्हा मारायचा नव्हता, तर कोणी मारला असता तर चाललं असतं? मी सांगितलं, तुझ्या संघातल्या दुसऱ्या कोणीही. जी आधी पोचेल ती. तो गोल कोणालाच नाकारता आला नसता.

तिने शेजारी बसलेल्या मुलीकडे बोट केलं. "ही चांगुणा. माझ्या मागंच हुती. मला म्हाईत असतं तर मी बाजूला झाले असते."

चांगुणाने मान हलवली. ती खरंच मागे होती, मामा. मला आता आठवतंय, अयोध्याच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर, एकटी. समोर गोल मोकळा होता. गोलकीपर जमिनीवर होती.

मी त्यांच्या सरांकडे बघितलं तर ते दुसरीकडे बघत होते. त्यांनाही तो नियम माहीत नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. महिनाभर आम्ही सगळे माझी चूक, माझा अहवाल, माझी शिट्टी यावर भांडत होतो. समितीने मला शिक्षा केली, तुम्ही मला वाचवायला बघितलंत, मी खरं लिहिलं म्हणून मनातून स्वतःची पाठही थोपटली. त्या मुलीला तो नियम आधी कोणी सांगायचा होता, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. सामन्याआधी मी त्यांचे दोरे आणि बांगड्या काढून घ्यायला अर्धा तास घालवला होता.

गाडी आली. बाकीच्या मुली चढल्या. अयोध्या सगळ्यात शेवटी उठली, बूट हातात घेतले आणि चढता चढता मला म्हणाली, "मॅडम, नियम तुमाला म्हाईत, आन खेळायचं आमी."

रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ते नुसतं सांगितलं.

काल मी त्यांच्या सरांना फोन केला. दोनदा त्यांनी उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. येत्या रविवारी पहिल्या गाडीने मी किनवटला जाते आहे, नियमांचं पुस्तक आणि खडू घेऊन. मुलींना बसवतो म्हणाले. अयोध्या बसेल का, ते त्यांना सांगता आलं नाही.

सुकन्या